उतरव, पुन्हा घे

मी एकेकाळी रायफल नेमबाज होते असं कळलं की लोक हमखास विचारतात, "मन फार शांत लागत असेल, नाही?" या प्रश्नाचा मला राग येतो. माझं मन कधीच शांत नव्हतं. तोंडाळ आणि तापट म्हणून मी आमच्या अख्ख्या भावकीत प्रसिद्ध आहे. शांत होता तो फक्त माझा हात, आणि तोही कुठल्या ध्यानधारणेमुळे नाही, तर द्राक्षाच्या बागेमुळे.

निफाड आणि पिंपळगावच्या मधे आमचं गाव. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नानांचा आवाज म्हणजे आमच्या शिवारातलं एक प्रकरणच होतं. बागेच्या एका टोकाला उभं राहून त्यांनी हाळी दिली की दुसऱ्या टोकाला द्राक्षाचे मणी फोडत बसलेल्या साळुंक्या भर्रकन उठायच्या. नुसत्या आमच्या नाही, शेजारच्या बागेतल्यासुद्धा. शेजारचे काका म्हणायचे, "तुम्ही ओरडत जा नाना, माझा डबा वाजवणारा गडी वाचतो." हायवेवरच्या एका ट्रकवाल्याने नानांची हाळी ऐकून घाबरून ब्रेक मारला होता, असं आई सांगायची. आई जरा वाढवून सांगायची.

मणी गोड व्हायला लागले की पाखरांचा त्रास सुरू होतो, तो माल उतरेपर्यंत. दिवसभर ओरडून नानांसारख्या माणसाचाही घसा बसतो. म्हणून एका वर्षी त्यांनी छर्‍याची बंदूक आणली आणि शाळेतून आल्यावर ती माझ्या हातात दिली. मी घरात थोरली, म्हणून मला ते ताई म्हणायचे. बंदूक देताना त्यांनी एकच अट घातली.

"पाखरू मारायचं नाय, ताई. उठवायचं फकस्त. त्याला बी पोट हाय."

"मग नेम कशावर धरू?"

"अँगलवर. टण्ण वाजलं पायजे."

द्राक्षाचा मांडव तोलायला बागेत लोखंडी अँगल रोवलेले असतात. पाखराजवळचा अँगल हेरायचा, त्याच्या टोकावर छर्रा मारायचा, आवाज झाला की पाखरू उडून जातं. सांगायला सोपं आहे. पण साळुंकी एका जागी कुठली बसायला! नेम धरावा तर नेमकी उडी मारून अँगलपुढे यायची. अशा वेळी नाना बांधावरून सांगायचे, "उतरव. पुन्हा घे." म्हणजे बंदूक खाली कर, दम घे, परत खांद्याला लाव. एकेका छर्‍यासाठी मी चार-चार वेळा बंदूक उतरवायचे. नाना बघत उभे असायचे आणि घाई कर असं त्यांनी मला कधीही म्हटलं नाही. माझ्या हातून एकही पाखरू मेलं नाही, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. सांगण्यासारखं माझ्याकडे फार उरलेलं नाही.

अकरावीला मी नाशिकला आले, वसतिगृहात राहिले. कॉलेजातून आम्हा मुलींना एकदा देवळालीकडे फायरिंगला नेलं. सगळ्या पोरी पोटावर पडून धडाधड मारून मोकळ्या झाल्या. मी एक गोळी मारायला तीनदा रायफल खाली घेतली. मैत्रिणी फिदीफिदी हसायला लागल्या. तेवढ्यात तिथे देखरेखीला आलेले एक गृहस्थ माझ्यामागे येऊन उभे राहिले. सैन्यातून निवृत्त झालेले, ताठ, मिशा पिळदार. ते शहरात नेमबाजीचा एक छोटा क्लब चालवायचे. हेच पुढे आमचे सर.

"हे उतरवायचं कुणी शिकवलं तुला?"

"नानांनी. माझ्या वडिलांनी."

"कुठल्या रेजिमेंटला होते?"

"द्राक्षाच्या," मी म्हटलं.

सर हसले नाहीत. म्हणाले, "मारायला कुणालाही शिकवता येतं. उतरवायला शिकवता शिकवता माझे केस गेले. उद्यापासून क्लबवर ये."

क्लब म्हणजे जुन्या गोदामाचा हॉल होता. एका बाजूला उभं राहायचं, दहा मीटरवर समोरच्या भिंतीशी कागदाचं कार्ड. कार्ड दोरीच्या चाकाने पुढे-मागे करायचं. कार्डावर काळं वर्तुळ आणि त्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका, टाचणीच्या टोकाएवढा. वाऱ्याने कार्ड हलू नये म्हणून पंखे बंद, आणि अंगात कॅनव्हास-चामड्याचं जाडजूड जाकीट, तसलीच पँट, सपाट तळाचे बूट. एप्रिल-मे महिन्यात त्या हॉलमध्ये आमचा अक्षरशः बेदाणा व्हायचा. पँट आणि बूट असे की गुडघे-घोटे वाकवता यायचे नाहीत, बदकासारखं डोलत चालावं लागायचं. माझं जाकीट पुण्याच्या कुठल्याशा मुलीने वापरून सोडलेलं होतं. ती माझ्याहून रुंद असावी, कारण आतून मी चादरीचा तुकडा शिवून घेतला होता.

सरांची शिकवण थोडक्यात होती. रायफल उचल, गाल टेकव, थांब. काळा गोल स्थिर झाला आणि तुझ्या पोटात 'आता' असं आलं तर मार. जरा जरी शंका आली तर उतरव. माझ्या बाबतीत त्यांना फारसं सांगावं लागलंच नाही. नवीन मुलांना ते माझ्यामागे उभं करायचे आणि म्हणायचे, "हिचा नेम बघू नका, हिचं उतरवणं बघा." मला त्याचा माज होता. का नसावा? बाकीचे शंका आली तरी मारायचे आणि मग कार्ड जवळ ओढून कपाळावर हात मारून घ्यायचे. माझी कार्डं स्वच्छ असायची.

क्लबाकडे परदेशी बनावटीची रायफल एकच होती. बाकी सगळ्या इथल्या, स्प्रिंगच्या. मारताना त्या खांद्यात अशा हिसका द्यायच्या की छर्रा बाहेर पडायच्या आत नेम सुटलेला असायचा. परदेशी रायफलीला हिसकाच नव्हता. तिच्यावर हात बसलेल्या माणसाला दुसरी कुठली रायफल हातात धरवत नाही. एकच रायफल आणि मुलं पुष्कळ, म्हणून क्लबाचा रिवाज होता की ज्याचं नाव राज्याच्या संघात येईल त्याच्याकडे ती वर्षभर राहणार. पुढच्या निवड चाचणीत नाव गेलं की रायफल पुसून, तेल लावून परत करायची. त्याबद्दल कुणी भांडायचं नाही, रडायचं नाही.

ती रायफल माझ्याकडे आली आणि मी तिला पलंगाशेजारी ठेवून झोपायला लागले. सलग दोन वर्षं माझं नाव संघात लागलं. राष्ट्रीय स्पर्धांना गेले, परक्या शहरांत राहिले, तिथल्या जेवणाला नावं ठेवली, पहिल्या दहांत येऊन परतले. गावात नानांनी पेढे वाटले. कशाबद्दल वाटले ते पेढे खाणाऱ्यांना कळलं नाही, नानांनाही नीटसं कळलं नव्हतं. त्यांनी माझी एकही स्पर्धा पाहिलेली नव्हती. चाचणी यायची ती ऐन माल उतरण्याच्या दिवसांत, आणि त्या दिवसांत द्राक्षवाला बाग सोडून कुठे जात नाही.

तिसऱ्या वर्षीची चाचणी नाशिकलाच, आमच्याच शहरात ठरली. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या वर्षी संघात राहिलीस तर देशाच्या शिबिराला तुझं नाव जाईल, मी बोलून ठेवलंय. संघात राहणं म्हणजे रायफल, शिबिर, सगळं. नाही राहिलं तर रायफल परत, आणि रायफल परत म्हणजे खेळ संपल्यातच जमा. मी घरी निरोप धाडला. मला वाटलं, नाना काही यायचे नाहीत. पण व्यापाऱ्याचा टेंपो दारात उभा असताना, तोड चालू असताना, सगळं आईच्या हवाली करून ते सकाळच्या एसटीने आले. खांद्यावर द्राक्षाची पेटी होती, पंचांना द्यायला.

"पंचांना काही द्यायचं नसतं नाना!"

"आगं, गोड हाय माल. सोनाका जातीचा हाय."

पेटी मी सरांच्या स्कूटरच्या डिकीवर ठेवली. तयार होऊन, जाकीट-बूट चढवून मी डोलत बाहेर आले तर नाना घाबरले. "पायाला काय झालं गं?" मी हसले, पण त्यांचा तो आवाज ऐकून हॉलमधली निम्मी माणसं वळून बघायला लागली. ही हाळी आत निघाली तर माझी काय शोभा होईल! मी त्यांना दाराशीच थांबवलं.

"नाना, आत बोलायचं नाही. अजिबात नाही. कितीही काही झालं तरी. खोकला आला तरी बाहेर जायचं."

"बरं."

"बरं नाही. शप्पथ?"

"तुझी शप्पथ, ताई. आता हे बघ." त्यांनी चंची काढली, तंबाखू मळली आणि चांगली मोठी चिमूट गालात धरली. तोंड भरलेलं असलं की माणूस बोलूच शकत नाही, हा त्यांचा हिशेब. मी मनगटावरचं घड्याळ काढलं, कारण जाकिटाची बाही त्याच्यावर अडकत होती, आणि ते नानांच्या हातात दिलं. त्यांनी ते मुठीत धरलं.

प्रेक्षकांच्या खुर्च्या आमच्या पाठीमागे होत्या. बाजूच्या भिंतीवर मोठं घड्याळ आणि त्याच्याखाली फळा. चाचणी किती वाजता सुरू, किती वाजता संपणार, ते पंचांनी खडूने लिहिलं होतं. ठरलेल्या वेळात ठरलेले छर्रे मारायचे, आपल्या सवडीने. मी त्या भिंतीकडे बघत नसे. डोळ्याच्या कडेला पट्टी लावलेली असे, त्यामुळे मान वळवल्याशिवाय दिसतही नसे. शेवटची पाच मिनिटं उरली की पंच ओरडून सांगतात, तेवढ्यावर माझं काम चालायचं. सर म्हणायचे, घड्याळ बघणारा नेम बघत नाही.

त्या दिवशी माझा हात असा चालत होता की मलाच नवल वाटत होतं. उचल, टेकव, थांब, मार. मधे एक नऊ गेला, त्याच्यानंतर मी दोनदा उतरवलं आणि पुन्हा दहावर आले. पाठीमागे नाना बसलेत हे मी विसरून गेले होते, यावरून हात किती चांगला चालत होता ते कळावं. पंचांनी पाच मिनिटं उरल्याचं सांगितलं तेव्हा माझे दोन छर्रे राहिले होते. पाच मिनिटांत दोन म्हणजे काहीच नाही. पहिला मी सावकाश मारला, चांगला गेला.

मग शेवटचा. रायफल उचलली. गोल डावीकडे सरकत होता. उतरवली. पुन्हा घेतली. शेजारच्या मुलाने आपला छर्‍यांचा डबा टेबलावर आपटला. उतरवली. पुन्हा घेतली. या वेळी सगळं जवळजवळ बरोबर होतं, पण पोटात 'आता' येईना. शंका आली म्हणजे उतरवायचं. उतरवली, दम घेतला, बोटं झटकली. कितीदा उतरवली ते मला आठवत नाही आणि आठवावंसंही वाटत नाही. शेवटी रायफल खांद्याला लावली आणि सगळं जागच्या जागी आलं. काळा गोल भिंतीवर खिळा मारून ठेवावा तसा उभा राहिला. माझं बोट ट्रिगरवर टेकलं. आता.

"स्टॉप!"

मी बोट काढलं. स्टॉप म्हटल्यावर मारता येत नाही, मारलेलं धरत नाहीत. पंच माझ्या टेबलापाशी आले. नळीत छर्रा भरलेला होता, तो तसाच ठेवून रायफल पेटीत घालता येत नाही. ते म्हणाले, कार्ड ओढून घ्या आणि समोर रिकामा करा. मी कार्ड ओढून घेतलं आणि ट्रिगर दाबला. छर्रा कार्डामागच्या पत्र्यावर लागून टण्ण वाजला. असा आवाज मी लहानपणी हजारदा काढला असेल.

न मारलेल्याचा शून्य. यादी लागली तेव्हा मी संघाच्या बाहेर होते, यादीतल्या शेवटच्या नावाखालची पहिलीच. हिशेब करायला डोकं लागत नव्हतं. त्या शेवटच्या छर्‍याला सहा गुण पडले असते तरी माझं नाव लागलं असतं. सहा! माझ्या हातून सहा पडल्याला वर्षं लोटली होती. डोळे मिटून मारला असता तरी सात पडला असता. मी दहाची वाट बघत होते आणि मला सहा पुरला असता, या एका गोष्टीने मला पुढे किती रात्री जाळलं ते मी कुणाला सांगितलं नाही. रडायचं नाही हा रिवाज मी क्लबात पाळला. वसतिगृहात नाही पाळला.

सर मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पाच मिनिटं म्हटल्यावर एकदा घड्याळ बघायचं, एवढं सांगायचं राहिलं माझं." त्या माणसाने आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नसेल. त्या दिवशी ते माझ्याकडे न बघता स्कूटर पुसत बसले.

नाना बाहेर नळावर होते. तंबाखू थुंकून चूळ भरत होते. एक झाली, दुसरी झाली, तोंडावर पाणी मारलं, पुन्हा चूळ. मला वाटलं, त्यांना काय झालंय ते कळलेलंच नाही. मी सांगितलं की शेवटचा छर्रा राहिला, वेळ संपली, नाव गेलं. त्यांनी टोपीनेच तोंड पुसलं.

"नेम बसला नव्हता ना?"

"नव्हता."

"मंग बरं केलंस. नेम नाय तर नाय मारायचं. बरं केलंस, ताई."

माझं घड्याळ त्यांनी परत दिलं. ते घामाने ओलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रायफल पुसली, तेल लावलं, परत केली. माझ्यामागून आलेल्या एका बुटक्याशा मुलीला ती मिळाली. तिच्या खांद्याला बसेल असा दस्ता मीच लावून दिला, कारण तो माझ्याइतका कुणाला लावता येत नव्हता. मुलगी गुणी होती. पुढे पुष्कळ पुढे गेली. तिच्यावर मी राग धरला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं.

मी स्प्रिंगच्या रायफलीवर आणखी काही वर्षं खेळले. जिल्ह्यात नंबरात यायचे, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतही यायचे, पण संघाच्या यादीत माझं नाव पुन्हा आलं नाही. दर वर्षी यादीपासून जरा आणखी लांब. खरं सांगायचं तर रायफलीपेक्षा मीच बिघडले होते. आता मला उतरवायची भीती वाटायला लागली होती. शंका आली तरी मारून मोकळी व्हायचे, न जाणो स्टॉप आला तर! सर मागे उभे राहून बघायचे आणि पुढच्या मुलाकडे जायचे. नव्या मुलांना माझ्यामागे उभं करणं त्यांनी बंद केलं. ज्याच्यासाठी त्यांनी मला उचललं होतं तेच माझ्याकडे उरलं नव्हतं. मग नोकरी लागली, शाळेत गणित शिकवायला लागले, नाशिकलाच संसार झाला, आणि एका दिवाळीच्या साफसफाईत जाकीट कुणाला तरी देऊन टाकलं. जिल्ह्याच्या स्पर्धांना पंच म्हणून तेवढी जात राहिले. नियम मला तोंडपाठ झाले. स्टॉप म्हणायची पाळी माझ्यावर आली की कुणाची रायफल अजून खांद्याला आहे का ते मी आधी बघायचे, पण पंचाला थांबता येत नाही.

इकडे नानांनी माझ्या न मारलेल्या छर्‍याची गोष्ट करून टाकली. घरी पाहुणा आला की चहा व्हायच्या आत सुरू. "आमच्या ताईनं राज्याच्या परीक्षेत शेवटची गोळी मारलीच नाय! नेम नव्हता ना. दुसरं कुणी असतं तर दिली असती उडवून." पाहुणा मान डोलवायचा. माझ्या लग्नात त्यांनी ही गोष्ट सासरच्या मंडळींना ऐकवली, आणि माझ्या सासूबाईंना वाटलं की मी परीक्षेत नापास झालेय. पहिल्या पहिल्यांदा मला त्या गोष्टीचा आधार वाटायचा. निदान एक माणूस तरी असा आहे की ज्याला मी हरले असं वाटत नाही. पुढे पुढे चीड यायला लागली. एकदा मी पाहुण्यांसमोरच म्हटलं, "पुरे नाना, हरले होते मी." पुढच्या पाहुण्याला पुन्हा सांगितलीच.

मग त्यांच्या घशाचं दुखणं निघालं. तंबाखू सोडली, नाशिकला ऑपरेशन झालं, ते बरे झाले, पण आवाज गेला. अगदी गेला नाही, कुजबुजीएवढा उरला. त्यांना बोलताना ऐकायचं तर कान तोंडाजवळ न्यावा लागे. तोपर्यंत बागेवर जाळी आली होती, पाखरं उठवायची गरज उरली नव्हती. तरी सवयीने ते बांधावर जाऊन उभे राहायचे. शेजारचे काका मला म्हणाले, "शिवार मुकं झाल्यागत वाटतं गं."

दोन हजारचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी सुट्टीला गावी गेले होते. दुपारी जेवणं झाल्यावर टीव्ही लावला तर नेमबाजीची अंतिम फेरी चालू होती. आता सगळंच बदललं होतं. कागदाचं कार्ड नाही, सगळं पडद्यावर. आणि प्रत्येक गोळीला वेगळी वेळ, ती सेकंदासेकंदाने खाली येताना कोपऱ्यात दिसते. एक मुलगी रायफल उचलून उभी होती. तिने उतरवली. पुन्हा घेतली. कोपऱ्यातला आकडा कमी होत होता.

माझ्या शेजारी नाना पलंगावर बसले होते. ते पुढे सरकले. पायाची बोटं आवळली. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

"मार," ते म्हणाले. त्या उरलेल्या आवाजात. "मार ना आता. मार, ताई."

मुलीने मारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती पडले ते मी बघितलं नाही. मी नानांकडे बघत होते. त्यांनाही आपण काय बोललो ते कळलं असावं. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"मला घड्याळ दिसत हुतं," ते म्हणाले.

"कधी, नाना?"

"तवा. भिंतीवरचं. आन तुझं मुठीत हुतं. फळ्यावर लिवलेलं वाचलं हुतं मी. दोन मिंटं ऱ्हायली, मंग एक ऱ्हायलं. तू आपली उतरवती, पुन्हा घेती. मला वाटलं, आता मारंल, आता मारंल." त्यांना मधेच दम लागला. "शप्पथ घातली हुतीस. तुझी. नायतर माझी हाळी..."

त्या हॉलमध्ये नानांची हाळी कशी घुमली असती ते मला तिथे बसल्या बसल्या ऐकू आलं. मी दचकले असते, घड्याळाकडे बघितलं असतं, आणि वाकडातिकडा का होईना, छर्रा सोडला असता. सात पडला असता. सहा तरी. पाठीमागे माझा बाप तंबाखूने गाल भरून, माझं घड्याळ मुठीत दाबून बसला होता, आणि ज्या आवाजाने शिवारभर पाखरं उठायची तो त्याने माझ्या शब्दाखातर गिळला होता. मग बाहेर येऊन तीनदा चूळ भरून मला म्हणाला होता, बरं केलंस. इतकी वर्षं पाहुण्यांना सांगत होता, बरं केलं. मला वाटायचं, माझी समजूत घालतायत.

"ताई, एक सांग," ते म्हणाले. "मी वरडलो असतो तर तुला काढलं असतं का भाईर?"

नियम मला तोंडपाठ आहेत हे मी वर लिहिलंच आहे. प्रेक्षक ओरडला तर पंच प्रेक्षकाला हॉलबाहेर काढतात. खेळाडूचा छर्रा धरतात.

"काढलं असतं," मी म्हटलं. "तिथल्या तिथे बाद केलं असतं, नाना. आधीचे सगळे गुणसुद्धा गेले असते."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी तशी तोंडाळ आहे, पण खोटं बोलायची मला सवय नाही, आणि बापाला ते कळत नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी टीव्हीचा रिमोट उचलून माझ्या हातात दिला, बंद कर म्हणून.

"मंग बरं केलं म्हनायचं मी."

"बरं केलंत, नाना."

त्यानंतर ती गोष्ट त्यांनी एकाही पाहुण्याला सांगितली नाही. एकदा मामा आले होते, त्यांनीच आठवण काढली, ताईच्या त्या गोळीचं काय हो ते, म्हणून. नानांनी नुसता हात हलवला आणि चहा प्या म्हणाले.